मदत हवी आहे: समुद्रकिनारी तंबू ठोकायला जागा सुचवा (पुण्याहून, तातडीचे)

चाकावरचा_पुणेरी (सोमवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आहे, मंगळवारची रजा टाकलीय. शनिवारी पहाटे कोथरूडहून निघायचं आणि दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे, जमलं तर तारकर्ली असं किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. रोज रात्री समुद्राकाठी तंबूत झोपायचं. तंबू घेतलाय. कुठली जागा चांगली एवढंच सांगा. नेटवर बघून डोकं भणाणलंय, सगळीकडे तोच सूर्यास्त आणि तेच पाय. गुरुवारपर्यंत ठरवायचंय.

डोंगरचा_मेवा
पवना धरणाकाठी जा की. दीड-दोन तासांत पोचाल. तंबू, गाद्या, बार्बेक्यू सगळं तयार असतं. मी गेल्या महिन्यात जाऊन आलो, झकास.

चाकावरचा_पुणेरी
समुद्र हवाय हो. पवनेला भरती येत नाही.

सह्यवेडा
जरा इस्कटून सांगा. किती जण? गाडी कुठली? लहान मुलं आहेत का? याआधी तंबूत झोपलायत का? आणि तीन रात्रींत सात मुक्काम कसे बसवणार? तारकर्ली पुण्याहून सरळ गेलात तरी चारशे किलोमीटरच्या घरात आहे. किनाऱ्याने जायचं तर मधे बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी, जयगडची खाडी. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तिन्हीकडे गाडी फेरीबोटीत चढवायची. जोडसुट्टीला तिथे रांगा असतात आणि रात्री फेरी बंद. समुद्र गाडीच्या काचेतूनच बघणार असाल तर बेत उत्तम आहे.

चाकावरचा_पुणेरी
मी, बायको, दोन मुलं (११ आणि ६). गाडी सेडान. तंबू चार जणांचा, नवा कोरा. बरं, तारकर्ली रद्द. आता जागा सांगा.

लाल_माती
आमच्या गुहागरला या. लांबलचक, स्वच्छ किनारा. पण हात जोडून एकच विनंती, गाडी पुळणीवर घालू नका. दर जोडसुट्टीला एक तरी शहाणा गाडी पाण्याशी नेतो आणि मग गावात ट्रॅक्टर शोधत फिरतो. गेल्या वर्षी एकाची गाडी आम्ही पाच जणांनी नारळाच्या झावळ्या चाकांखाली घालून काढली. भरती बंपरला लागली होती तरी तो आतल्या स्पीकरची काळजी करत होता. पासिंग पुण्याचंच होतं, अजून काही बोलत नाही.

चाकावरचा_पुणेरी
मी गाडी वाळूत घालणार असं कुठे लिहिलंय?

लाल_माती
तोही असंच म्हणाला होता. हलके घ्या.

भाऊकाका
जागा विचारण्याआधी भरती विचारा. सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. २६ तारखेला अष्टमी आहे, कालनिर्णय उघडून बघा. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी सहा-साडेसहाला पूर्ण भरती, दुपारी आणि मध्यरात्री ओहोटी. आदल्या दिवशी सप्तमी, सवापाच. रोज पाऊण-एक तास पुढे सरकते.

दुसरं म्हणजे अष्टमीला भांगाची भरती. पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाइतकं वर चढत नाही. त्यामुळे संध्याकाळी जी ओली रेघ दिसेल तिच्यावर विसंबू नका. तिच्याही वर काटक्या, शेवाळ, चपला, बाटल्यांची बुचं यांची वाळकी रेघ असेल. ती आधीच्या अमावास्येच्या उधाणाची. त्या रेघेच्या वर, म्हणजे जमिनीच्या बाजूला झोपणारा माणूस कोरडा उठतो.

अॅपवाला
काका, अॅपमध्ये तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांचा फरक येतोय.

भाऊकाका
येऊ दे. माझं अॅप चार्ज करावं लागत नाही.

अनघा_
धागाकर्ते, वेळास म्हणजे नक्की कुठलं? दिवेआगरहून आरावीकडे जाताना एक वेळास लागतं, श्रीवर्धन तालुक्यातलं. कासवांचं वेळास वेगळं, ते बाणकोटजवळ, मंडणगड तालुक्यात, खाडीच्या पलीकडे. नकाशात नुसतं 'वेळास' टाकून माझी मावशी भलत्याच गावात उतरली होती आणि तिथल्या दुकानदाराला कासवं कधी सोडणार म्हणून विचारत होती.

कासवांच्या वेळासला जाणार असाल तर किनाऱ्यावर तंबू नकोच. ऑलिव्ह रिडले माद्या याच दिवसांत रात्री अंडी घालायला वर येतात. उजेड, शेकोटी, गाणी असली की उलट फिरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी २००२ पासून तिथे संवर्धनाचं काम केलंय. पिल्लं बघायची तर साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात या आणि गावात घरगुती मुक्काम करा.

चाकावरचा_पुणेरी
मी कासवं बघायला चाललो नाहीये. नकाशावर नाव दिसलं म्हणून लिहिलं. वेळास रद्द, दोन्ही. कोणीतरी कृपया जागेचं नाव सांगेल का?

सामान_सुमान
जागा सोडा, तंबूचं बोला. एकच थर आहे की वरून वेगळं आवरण आहे? जानेवारीत किनाऱ्यावर दहिवर इतकं पडतं की पहाटे कापडाला आतून हात लावला तर पाणी ओघळतं. वरचं आवरण ताणून लावा, आतल्या कापडाला चिकटू देऊ नका, हवेची झडप उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करून चार जण झोपलात तर तुमच्याच श्वासाने अंथरूण भिजेल.

सोबत आलेले बारीक खिळे वाळूत शून्य कामाचे. मी कापडी पिशव्या नेतो. त्या वाळूने भरायच्या, दोर गाठीखाली बांधायचा आणि ढोपरभर खड्ड्यात आडव्या पुरायच्या. हलत नाहीत. चेनमध्ये वाळू गेली तर ओढू नका, जुन्या टूथब्रशने झाडा. आणि तंबूत शेगडी किंवा निखारे अजिबात न्यायचे नाहीत, धूर दिसला नाही तरी माणूस गुदमरतो.

डोंगरचा_मेवा
पवनेला यातलं काहीच करावं लागत नाही.

सह्यवेडा
@सामान_सुमान, सुरूच्या बनात ठोकला तर साधे खिळे चालतात. वाराही अडतो.

सामान_सुमान
चालतात. पण तिथे सुरूच्या वाळक्या काड्यांचा वीतभर थर असतो, एक ठिणगी पुरे. शिवाय ही बनं बऱ्याच ठिकाणी वनखात्याची किंवा सामाजिक वनीकरणाची. विचारल्याशिवाय ठोकलात तर रात्री अकराला उठवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

लाल_माती
वाऱ्याबद्दल कोणी बोललंच नाही. दुपारपासून खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा मतलई जमिनीकडून सुटतो. शाळेत घोकलंय सगळ्यांनी. फोटोसाठी सगळे तंबूचं दार समुद्राकडे करतात आणि संध्याकाळी अर्धी पुळण आत घेतात.

शेंगदाणा
माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. हरिहरेश्वरला कुत्रा घेऊन जाता येईल का? लॅब्राडोर आहे, शांत आहे.

मी_तिथेच_होते
तयार तंबूंच्या फंदात पडू नका एवढंच सांगते. आम्ही 'समुद्राला लागून, शांत परिसर' असं वाचून एके ठिकाणी पैसे भरले. नाव घेत नाही. चाळीस तंबू, प्रत्येकात दीड हाताचं अंतर, दोन शौचालयं आणि रात्री दोनपर्यंत डीजे. शेजारच्या तंबूतले काका घोरत होते तेव्हा आमचं कापड हलत होतं. समुद्र होता, पण त्याचा आवाज एकदाही आला नाही.

चाकावरचा_पुणेरी
धन्यवाद. जाता जाता, आईपण येणार आहे. वय ७१, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तिला तंबू चालेल ना? ती नाही म्हणत नाहीये.

सह्यवेडा
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! इतका वेळ आम्ही भरतीची गणितं मांडतोय. चार जणांच्या तंबूत पाच माणसं? आणि आई रात्री तीनला उठून टॉर्च घेऊन कुठे जाणार?

मी_तिथेच_होते
'नाही म्हणत नाहीये' म्हणजे काय ते प्रत्येक घरात माहीत असतं. बसायचं शौचालय असलं पाहिजे, त्याशिवाय नेऊ नका.

पोफळी
वाचत होते, आता लिहिते. धाग्यात सगळे किनारा शोधतायत. तुम्ही किनाऱ्यामागची वाडी शोधा.

दिवेआगरला जा आणि तिन्ही रात्री तिथेच राहा. ताम्हिणी-माणगावमार्गे साधारण १६०-१७० किलोमीटर. शनिवारी पहाटे पाचला चांदणी चौक सोडलात तर माणगावच्या बाजारपेठेतली गर्दी चुकेल. तिथे घरगुती राहण्याची सोय करणारी पुष्कळ घरं आहेत. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरू, सुरू संपले की समुद्र. फोनवर सरळ विचारा, 'एक खोली घेतो, आईसाठी. अंगणात किंवा वाडीत मोकळी जागा असेल तर तंबू ठोकू द्याल का?' आम्ही असंच केलं होतं. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्या आजी म्हणाल्या, ठोका, पण नारळाखाली नको.

तेवढं मात्र लक्षात ठेवा. तंबू लावण्याआधी मान वर करून बघायचं. नारळ पडतो तेव्हा आधी कळवत नाही, आणि वाळकी झावळीसुद्धा चांगलीच लागते. खोली घेताना पायऱ्या किती आणि शौचालय कसलं ते विचारा. दुधाला, चहाला, आंघोळीच्या गरम पाण्याला घर आहेच. मुलांना समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. दिवसा गाडी काढून आरावीच्या किनारी रस्त्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून या. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या खडकांवर भरतीच्या वेळी मुलांना नेऊ नका.

लाल_माती
दिवेआगरला गर्दी असते. गुहागर बरं.

पोफळी
गर्दी असते, मान्य. पण ७१ वर्षांचे गुडघे अजून तीन-चार तास गाडीत दुमडून ठेवायचे का?

सह्यवेडा
निसर्ग वादळात तिथल्या वाड्या आणि सुरू पार झोपले होते ना? जून २०२० ला. आता सावली आहे का?

पोफळी
खूप झाडं गेली. आमच्या ओळखीच्यांची निम्म्याहून जास्त पोफळ आडवी झाली होती. नवी लावलीत, पण पोफळीला वेळ लागतो. सावली आहे, पूर्वीइतकी दाट नाही.

खवय्या
दिवेआगरला जाताय तर उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. आणि सोन्याच्या गणपतीचं दर्शन घ्या.

अॅपवाला
तो चोरीला गेला ना?

खवय्या
मुखवटा २०१२ ला चोरीला गेला. नंतर जप्त झालेल्या सोन्यातून नवा घडवून २०२१ ला पुन्हा बसवला. मूळ मुखवटा १९९७ साली वाडीत खणताना सापडला होता. त्यामुळे धागाकर्त्यांनी तंबूचे खिळे जरा खोल ठोकावेत, काय सांगता येतं.

शेंगदाणा
कुत्र्याचं कोणी सांगेल का?

भाऊकाका
अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. त्यानंतर मुलांना उठवून पाण्याशी न्या. थंडीत कधीकधी लाटा निळसर चमकतात. दिसलं तर नशीब, नाही तर तारे आहेतच.

चाकावरचा_पुणेरी (गुरुवार, रात्री १०:०५)
ठरलं. दिवेआगर, तीन रात्री. सहा घरी फोन केले, चौघांकडे जागा नव्हती, एकाने तंबू म्हटल्यावर फोन ठेवला. सहाव्या काकू म्हणाल्या, 'खोली असताना बाहेर कशाला झोपता?' पण हो म्हणाल्या. शौचालय बसायचं, पायऱ्या दोन. कापडी पिशव्या बायकोने शिवल्या, जुन्या उश्यांच्या अभ्र्यांच्या.

चाकावरचा_पुणेरी (बुधवार, रात्री ९:३०)
परत आलो. सांगायचं राहू नये म्हणून लिहितो. माणगावला सव्वाआठला पोचलो, कारण पहाटे पाचचे साडेसहा झाले. त्यामुळे चाळीस मिनिटं तिथेच. पहिल्या रात्री आवरण नीट ताणलं नाही, धाकट्याची उशी भिजली, तो उठून आजीच्या खोलीत गेला आणि मग तिन्ही रात्री तिथेच झोपला. उरलो तिघे. ऐसपैस जागा झाली.

लाटा चमकल्या नाहीत. पण सोमवारी रात्री साडेबाराला मोठीला घेऊन गेलो तेव्हा ओहोटी होती, काकांच्या हिशेबाने बरोब्बर. टॉर्च खाली धरला तर सगळ्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्या. प्रत्येक बिळाभोवती त्यांच्या ओळी, कोणी मुद्दाम रांगोळी घातल्यासारख्या. बारके खेकडे वाळू चघळून गोळी टाकतात म्हणे. पाऊल ठेवायला जागा नव्हती, आम्ही एका जागी उभे राहिलो. सकाळी सहाला पुन्हा गेलो तर भरतीने सगळं पुसलेलं.

आई म्हणाली, पुढच्या वेळी मीपण तंबूत झोपते, फक्त आत खुर्ची ठेवा. पिशव्या हलल्या नाहीत. पोफळीताई, नारळ एकच पडला, चार हातांवर.

सामान_सुमान
तंबू पूर्ण वाळवून घडी घातलात ना? ओला ठेवलात तर आठवड्यात काळे ठिपके पडतील.

चाकावरचा_पुणेरी
गॅलरीत टांगलाय. सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू झालीय.

शेंगदाणा
त्या काकूंकडे कुत्रा चालतो का?