दीपवृक्षावरची बदामाची फुलं

यहुद्यांच्या प्राचीन उपासनास्थानातल्या सात दिव्यांच्या दीपवृक्षाचा (मेनोरा) अर्थ काय? सात दिवे म्हणजे ज्ञानाचा प्रकाश, आपल्या समईसारखंच, असं एकांनी म्हटलंय. चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर खरी गंमत निसटते. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात हा दीपवृक्ष एकाच सोन्याच्या गोळ्यातून ठोकून घडवायला सांगितलाय, आणि त्याच्या वाट्या बदामाच्या फुलांसारख्या. बदामच का? त्या प्रदेशात हिवाळा सरतासरता सगळ्यात आधी फुलतो तो बदाम. हिब्रूत त्याला 'शाकेद' म्हणतात, आणि 'शोकेद' म्हणजे जागा राहून लक्ष ठेवणारा. बायबलमधल्याच यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, पहिल्याच अध्यायात या दोन शब्दांवर श्लेष आहे. म्हणजे तिथे उभा आहे तो नुसता दिवा नाही, जागं झाड आहे!

कराराच्या कोशाबद्दल एकच. देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवायची, बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली ती पेटी. ती उचलून न्यायचे दांडे कड्यांतून कधीच काढायचे नाहीत अशी आज्ञा होती. देव एका जागी बसून राहणारा नाही, असा अर्थ मी तरी लावतो.

आणि पहिलं मंदिर पाडलं गेल्यावर जेरुसलेममध्ये बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात तर हा कोशही नव्हता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे थेट परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात घुसला. आत देवाची मूर्तीच नाही, गाभारा रिकामा, हे तेव्हापासून सगळ्यांना कळलं असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. मला विचाराल तर सगळ्यात बोलकं प्रतीक ती रिकामी खोलीच.