चित्र माझं, भरतकाम कारागिरांचं, मग खाली नाव कोणाचं?

कुंचलेवाली: नमस्कार मंडळी, मी चित्रं काढते, गेल्या वर्षापासून कॅनव्हास सोडून कापडावर आलेय. सध्या पावसाळी आभाळाचं एक मोठं चित्र जरदोजीत, म्हणजे धातूच्या तारेच्या भरतकामात, करून घेतेय, मला स्वतःला धावदोरा नि साखळी टाका सोडून फारसं येत नाही म्हणून दोन कारागीर अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बांधायच्या लाकडी चौकटीवर, बसलेत. परवा बघायला गेले तर त्यातल्या चाचांनी ढगाच्या कडेला चकचकीत दबक्याऐवजी (दबका म्हणजे स्प्रिंगसारखी वळलेली तार) मंद चमकेची कोरा नावाची तार लावलेली, आणि टाक्यांची दिशासुद्धा मधेच वळवलेली. म्हणाले, सगळं एकाच दिशेनं भरलं तर उजेड सपाट पडतो. खरंच, माझ्या मूळ चित्रापेक्षा ते आभाळ जास्त भरून आलंय! आता प्रदर्शनात नाव एकट्या माझंच लावायचं, गॅलरीवाले म्हणतात असंच असतं, पण मला ते पटत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?

जरीकाठी: ताई, नाव लावाच. माझे वडील आयुष्यभर हेच काम करत होते. खाका, म्हणजे कागदावरची नक्षी, सुईनं टोचला, खडूची पूड नि रॉकेल फिरवून कापडावर उतरवला की डिझाइन झालं असं लोकांना वाटतं, पण खाक्यात नुसती रेघ येते हो, दबका किती लांबीचा कापायचा, कुठे दाट कुठे विरळ, हे सगळं अड्ड्यावर बसणारा माणूस ठरवतो. वडिलांनी केलेलं एवढं काम बाहेर गेलं, एकावरही त्यांचं नाव नाही. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण मला अजून लागतं.

मातीकाम: मी थोडं वेगळं म्हणेन. ब्राँझचा पुतळा ओतणाऱ्याला आपण शिल्पकार म्हणत नाही, कल्पना ज्याची त्याची कलाकृती. मजुरी चोख द्या, उशीर करू नका, ते जास्त महत्त्वाचं.

सुजनीप्रेमी: @मातीकाम, ओतकाम करणारा ढगाचा उजेड बदलत नाही ना पण! २०२२ च्या जानेवारीत पॅरिसला डिओर या फॅशन कंपनीच्या शोमध्ये मनू आणि माधवी पारेख यांची चित्रं भिंतीएवढ्या भरतकामात लावली होती, ती मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टनं केलेली, आणि चित्रकारांसोबत संस्थेचंही नाव सगळीकडे आलं. म्हणजे रिवाज बदलू शकतो. तरी संस्थेचं नाव वेगळं नि सुई धरणाऱ्या माणसाचं वेगळं, मला सुई धरणाऱ्याचं हवंय. बिहारात मुजफ्फरपूरजवळ भुसरा गावाची सुजनी बघा, बाळासाठी जुन्या साड्यांचे थर शिवायची रीत, त्यात १९८८ नंतर बायकांनी हुंडा, मुलींचं शिक्षण असलं स्वतःचं जगणं भरायला घेतलं, बाह्यरेषा साखळी टाक्याची आणि आत-बाहेर बारीक धावदोरा. तिथे कल्पना आणि टाका एकाच बाईचा, मग कारागीर कोण आणि कलाकार कोण? ताई, तुम्ही दोघांची नावं लेबलवर घाला, आणि चित्र विकलं तर त्यांचा हिस्सा किती ते आत्ताच कागदावर लिहा, विक्रीनंतर तो विषय काढणं फार अवघड जातं.

कुंचलेवाली: सगळ्यांचे आभार. आज चाचांना विचारलं नाव कुठे घालू, मागे घालू का? ते म्हणाले मागे नको, मागे गाठी असतात. उजव्या कोपऱ्यात तिघांची नावं एकाच मापात, त्याच कोऱ्यात भरायला घेतलीत त्यांनी, माझं शेवटी. हिश्श्याचा कागद रविवारी बसून करतोय, गॅलरीला उद्या फोन करते.