लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा रोज प्यावा का?

मृणाल_के:
लक्ष्मणफळाची वाळवलेली पानं ‘कॅरिबियनमध्ये पिढ्यानपिढ्या पितात’ असं सांगत कॅन्सरवर खपवली जात आहेत. माझ्या मते हा काढा रोज पिऊ नये. कॅरिबियनमधल्याच ग्वाडेलूप बेटावर लोक तो शांत झोप लागावी म्हणून पितात. तिथल्या 87 रुग्णांचा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळ्यांची लक्षणं पार्किन्सनसारखी, म्हणजे कंपवातासारखी, पण नेहमीचा पार्किन्सन निघाला फक्त 22 जणांना! बाकीच्यांतल्या बहुतेकांना पार्किन्सनच्या औषधाचा फारसा गुण येत नव्हता, आणि हे फळ नि हा काढा त्यांच्या पोटात जास्त जात होता.

रघू_दापोली:
जास्त जात होता म्हणून तेच कारण? कॅरिबियनच्या मळ्यांवर राबवलेल्या गुलामांना डॉक्टर कुठला मिळणार? झाडपाल्यावरच त्यांनी जीव जगवले. ते ज्ञान एका अभ्यासावर मोडीत काढणं मला पटत नाही. ‘ट्रामिल’ हा शास्त्रज्ञांचा गट 1980च्या दशकापासून तिथली घरगुती औषधं तपासतोय, त्यातली कितीतरी उपयोगी ठरली. आणि सीताफळ याच कुळातलं. तेही सोडायचं का?

मृणाल_के:
सीताफळाचा गर आपण हंगामात खातो, रघूदादा. बियांची पूड मात्र उवा मारायला वापरतात आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला केवढी इजा होते हे कोकणात कुणाला सांगायला नको. एकाच झाडाचं सगळंच पोटात घ्यायचं नसतं.

डॉ_स्नेहल:
कॅन्सरचा दावा ज्या गुणावर उभा आहे, धोकाही त्याच गुणात आहे. या झाडातलं ॲनोनासिन पेशीची ऊर्जानिर्मिती रोखतं. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात, पण मेंदूच्या पेशीही मरतात. बशीत दिसलेला परिणाम रुग्णात दिसतो असा भरवशाचा पुरावा नाही. माझ्याकडे केमो मध्येच सोडून या काढ्यावर राहिलेले रुग्ण येतात. फार वाईट वाटतं.

रघू_दापोली:
मेंदूच्या पेशी मेल्याचं ज्या उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, त्यात ॲनोनासिन 28 दिवस थेट शिरेतून दिलं होतं, डॉक्टर. काढा तोंडाने पितात.

डॉ_स्नेहल:
बरोबर, म्हणून ‘सिद्ध झालं’ असं मी म्हणत नाही. पण रोज किती कप, किती वर्षं चालतील हेही कुणी ठरवलेलं नाही, आणि पाकिटावर तर ‘दिवसातून तीनदा’ छापलेलं असतं.

रघू_दापोली:
त्या पाकीटवाल्यांची बाजू मी घेणार नाही. केमो सोडायला लावणं हा गुन्हाच. पण झोपेसाठी अधूनमधून कपभर पिणाऱ्या म्हातारीला घाबरवू नये, यावर मी ठाम आहे.