आवाज ‘फुटतो’ म्हणजे नक्की काय होतं?

भाचा आठवीत आहे, परवा फोनवर ‘मामा’ म्हणाला तर पहिला मा खाली आणि दुसरा एकदम कोंबड्यासारखा वर. आई म्हणाली, आवाज फुटतोय त्याचा. तेव्हापासून डोक्यात आहे की हे फुटणं काच फुटते तसलं का मिसरूड फुटतं तसलं? आणि चिरकणं, फाटणं, बसणं हे सगळं एकच का वेगवेगळं?

---

मिसरूडवालंच वाटतं मला. पालवी फुटते, मोड फुटतात, तसा नवा आवाज फुटतो. चिरकणं हा त्यातला एक प्रकार.

---

तिसरा अर्थ राहिला की, रस्त्याला फाटा फुटतो तो! आणि तोच इथे सगळ्यात चपखल बसतो. गळ्यातल्या घड्या (स्वरतंतू म्हणतो आपण, पण त्या तंतू नाहीतच, १७४१ मध्ये फेरँ नावाच्या फ्रेंच माणसाने व्हायोलिनच्या तारांची उपमा दिली आणि ती सगळ्यांना चिकटली) दोन पद्धतीने हलतात. नेहमीच्या आवाजात जाड राहून आतल्या स्नायूसकट हलतात, बाप्या माणसाच्या सेकंदाला साधारण १२० वेळा. ताणून पातळ झाल्या की फक्त कडा थरथरतात, तो नकली आवाज. गंमत म्हणजे मधला उतार नाही, ताण हळूहळू वाढवत नेला तरी एका जागी आवाज टुणकन उडी मारतो. आणि उतरताना त्याच सुरावर परत येत नाही, अजून खाली आल्यावर मग पडतो. म्हणजे मधल्या पट्ट्यात तोच सूर दोन्ही पद्धतीने निघू शकतो, कुठली मिळेल ते तुम्ही वरून आलात का खालून यावर. भाच्याचं स्वरयंत्र भराभर वाढतंय, जुना अंदाज चालेना, म्हणून तो नको तिथे उडी मारतो. हे चिरकणं.

---

मग फाटणं?

---

ते वेगळं. मॅचला बोंबलताना हवेचा दाब फार झाला, किंवा सर्दीने एक घडी दुसरीपेक्षा जड झाली, की दोघींची लय जुळत नाही. कधी एक ठोका मोठा एक लहान असं सुरू होतं, मग जोडी मिळून एक ठोका धरला जातो आणि कानाला सूर सप्तकभर खाली, खरखरीत लागतो. त्याच्याही पुढे गेलं की ठोक्यांना धरबंदच राहत नाही. तान्हं बाळ टाहो फोडतं त्यात हे सगळं ऐकू येतं, आजार नसताना. बसणं म्हणजे सूज येऊन घड्या नीट मिटत नाहीत आणि मधून हवा निसटते, त्यात फाटाबिटा काही नाही.

---

घड्या हलायच्या त्या दोन पद्धतींना (जाड राहून आणि पातळ होऊन) मराठीत मिळून एकच शब्द काय? पट्टी चालेल का?

---

नको हो, पट्टी म्हणजे काळी दोन, पांढरी चार, तो षड्ज कुठे धरला त्याचा हिशोब. सप्तकही नाही, कारण एकाच सप्तकात दोन्ही आवाज निघतात हे वर आलंच आहे. गाणारे खुला आवाज (तो नेहमीचा) आणि नकली आवाज म्हणतात तेच बरं, फक्त ‘नकली’ म्हटलं की खोटं वाटतं, त्यात खोटं काही नाही, घडी तीच आहे.

---

आमच्याकडे मंडपातला स्पीकर पण फाटतो :)

---

धाग्याला पण फाटा फुटला.