मदत हवी: घरच्या सर्व्हरवरून कॉपी ११ च्या पुढे सरकतच नाही

रानजाई (शुक्रवार, रात्री ८.१०)
जुन्या पीसीवर ओपनमीडियाव्हॉल्ट (फाइल सर्व्हरची मोफत प्रणाली) टाकून घरात सर्व्हर केलाय. त्यावरून फाइली घेताना स्पीड ११ वर अडकतो. सगळं करून पाहिलं, केबलसुद्धा नवी आणली. नेट ३०० चं आहे, म्हणजे तो प्रश्न नाही. भाऊ रविवारी सकाळी इंदूरला परत जाणार, त्याच्या डिस्कवर ९०० जीबी भरून द्यायचंय आणि स्क्रीन म्हणतेय २३ तास. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लवकर सांगा.

घाटमाथा
११ म्हणजे काय? मेगाबाइट की मेगाबिट? आठपटीचा फरक आहे. आणि "सगळं करून पाहिलं" म्हणजे नक्की काय काय, ते लिहा.

तिसरी_डिस्क
साहेब, डिस्क कुठल्या आहेत? एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतील तर दुसरीकडे शोधूच नका. २०२० मध्ये उघड झालं होतं की नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठ्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क आतून एसएमआर होत्या. माझ्याकडे दोन होत्या. पहिले काही जीबी झपाट्याने जायचे आणि मग रांगायला लागायचं. दोन्ही विकल्या तेव्हा सुटलो.

रानजाई
मेगाबाइट. आणि मी साहेब नाही, ताई म्हणा. डिस्क ४ टीबीच्या दोन आहेत, एकीची नक्कल दुसरीवर. मॉडेल बघायला पेटी उघडावी लागेल.

घाटमाथा
पेटी उघडू नका. ताई, तुम्ही सर्व्हरवरून वाचताय. एसएमआरचा त्रास मुख्यतः लिहिताना होतो. शिवाय डिस्क दमली की स्पीड वरखाली होतो. तुमचा पहिल्या मिनिटापासून ११ वर स्थिर आहे ना? १०० मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात ११ ते १२ मेगाबाइटच निघतात. कुठेतरी गिगाबिटची, म्हणजे १००० मेगाबिटची, वाट १०० वर आली आहे. सर्व्हर कुठे, राउटर कुठे, मधे काय काय आहे? वायफाय आहे का?

तिसरी_डिस्क
डिस्क तपासायला काय हरकत आहे? अशा धाग्यांवर सगळे नेटवर्कच्या मागे लागतात आणि शेवटी डिस्कच निघते.

पाणंद
जम्बो फ्रेम (नेटवर्कवर डेटाचे मोठे गठ्ठे) चालू करा, एमटीयू म्हणजे गठ्ठ्याचा आकार ९०००. माझा स्पीड लगेच वाढला.

घाटमाथा
जम्बो फ्रेमने फार तर थोडे टक्के मिळतील, दहापट नाही. आणि मधल्या एखाद्या उपकरणाला ते चालत नसेल तर आहे तेही बंद पडेल. कृपा करून आत्ता हात लावू नका.

उंबरठा
मुळात घरात सर्व्हर ठेवायचाच कशाला? क्लाउडवर टाका, भावाला लिंक पाठवा. वीज, पंख्यातली धूळ, यूपीएस, या सगळ्यापासून सुटका.

रानजाई
उंबरठा, यात बाबांनी केलेलं वारीचं शूटिंग आहे. १९९९ ते २००९, मिनीडीव्हीच्या ६८ टेपा. तासाला साधारण १३ जीबी होतात. ते कुणा परक्याच्या मशीनवर ठेवायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलंय. क्लाउडचा विषय नको.
वायफाय नाही. राउटर अभ्यासाच्या खोलीत, माझा डेस्कटॉप त्याच्या शेजारी. सर्व्हर हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात. भिंतीतून वायर गेली आहे, तिच्या सॉकेटला नवी कॅट ६ लावली. राउटरची चारही पोर्ट गिगाबिट आहेत, लेबल वाचलं.

दिवेलागण
म्हणजे नवी केबल फक्त सॉकेट ते सर्व्हर एवढीच! भिंतीतली जुनीच. हे आधी लिहायला हवं होतं.

कॅसेटवाला
६८ टेपा! ताई, कशा उतरवल्या? फायरवायरने (कॅमेरा पीसीला जोडायची जुनी वायर) का? माझ्याकडे चाळीसेक पडून आहेत, कॅमेऱ्याचं हेड खराब आहे. तासाभराच्या टेपेला तासच लागतो ना, की घाईने होतं?

रानजाई
फायरवायरचं कार्ड टाकून. तासाला तासच लागतो, घाई होत नाही. तीन महिने जवळजवळ रोज संध्याकाळी एक. नंतर सविस्तर सांगते, आत्ता हे सुटू दे.

विहीरगाव
भावाची डिस्क सरळ सर्व्हरलाच लावा की. नेटवर्क हवंच कशाला?

रानजाई
पीसी २०१० चा आहे, यूएसबी २ च आहे. करून पाहिलं, ३२ मिळतात. म्हणजे आठ तास. काहीच जमलं नाही तर रात्री तेच लावीन. पण हा सर्व्हर रोजच्या वापराचा आहे, दुखणं शोधायचंच आहे.

पाणंद
२०१० च्या बोर्डावर १०० चंच कार्ड असेल.

घाटमाथा
तेव्हा बहुतेक बोर्डांवर गिगाबिट आलं होतं. अंदाज नको. ताई, सर्व्हरवर ईथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी आज्ञा) चालवा. त्यात कार्डाला काय काय जमतं याची यादी येते आणि खाली "स्पीड" अशी ओळ येते. दोन्ही लिहा. मग आयपर्फ३ ने डेस्कटॉप ते सर्व्हर नुसत्या नेटवर्कचा वेग मोजा. त्यात डिस्क येतच नाही, म्हणजे तो वाद मिटेल.

रानजाई (९.२५)
यादीत १००० आहे. स्पीडच्या ओळीत १००. आयपर्फ ९४ मेगाबिट दाखवतंय.

घाटमाथा
तिसरी_डिस्क, बघा. डिस्क न वाचताही ९४ च.
ताई, आता एकच करा. सर्व्हर उचलून अभ्यासाच्या खोलीत न्या, तीच नवी केबल लावून थेट राउटरला जोडा.

तिसरी_डिस्क
मान्य. पण नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे, एवढं लक्षात असू द्या. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं.

विहीरगाव
ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तर त्या भावाला प्रत देताहेत.

रानजाई (९.५०)
११२!!! राउटरशेजारी ठेवल्यावर ११२. भावाची कॉपी पुन्हा सुरू केली, सव्वादोन तास दाखवतंय. घाटमाथा, फार फार आभार. म्हणजे भिंतीतली वायर खराब?

दिवेलागण
खराबच असेल असं नाही. मी वीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. वायरीत चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० ला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. एक जरी तुटली किंवा लावलेली नसली तरी काही कार्डं गुपचूप १०० वर उतरतात, काही सारखी जोडतात आणि तोडतात. हॉलमधल्या सॉकेटचे दोन स्क्रू काढून मागे किती रंग लावलेत ते बघा. घाई करू नका, तारा नाजूक असतात.

पैलतीर
इकडे जर्मनीत आमच्या जुन्या घरात केबलच नव्हती, विजेच्या तारेतून नेट नेणारे अडॅप्टर लावले. पाकिटावर मोठा आकडा आणि हातात पन्नास-साठ मेगाबिट. ताई, तुमच्याकडे निदान तार तरी आहे.

रानजाई (शनिवार, सकाळी ७.४०)
कॉपी रात्री साडेबाराला संपली. भावाने सकाळी उठून आधी २००३ ची टेप लावली. दिवे घाटातली चढण, आणि मधेच बाबांचा आवाज येतो, "अरे बाजूला व्हा, माउली येतायत". आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उभी राहूनच बघत होती.
आता सॉकेट. प्लेटवर शेजारी शेजारी दोन भोकं आहेत, एक सर्व्हरचं, एक टीव्हीच्या पेटीचं. मला वाटायचं भिंतीत दोन वायरी आहेत. मागे एकच निघाली! नारिंगी-हिरव्या जोड्या डावीकडच्या सॉकेटला, निळ्या-तपकिरी उजवीकडच्या. अभ्यासाच्या खोलीतही तसंच, एका वायरीतून दोन प्लग काढून राउटरच्या दोन पोर्टांत. २०१४ साली फ्लॅटचं काम झालं तेव्हा इलेक्ट्रिशियनने दोन वायरींचे पैसे घेतले होते. याचा खरंच राग आला.

दिवेलागण
हाच संशय होता. सीसीटीव्ही आणि इंटरकॉमच्या कामात हे सर्रास चालायचं. त्या काळात घरगुती नेटला १०० पुरेसं होतं म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण दोनचे पैसे घेऊन एक टाकणं ही फसवणूकच.
आता असं करा. दोन्ही टोकांना आठही तारा एकाच सॉकेटला लावा, दोन्हीकडे क्रम एकच: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोडीचा पीळ सॉकेटच्या तोंडापर्यंत राहू द्या, फार उलगडू नका. हॉलमध्ये पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच ठेवा, हजार-बाराशेत मिळतो. त्यावर सर्व्हर आणि टीव्ही दोन्ही. आणि तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती फार वाकवली तर तुटते.

उंबरठा
माझं क्लाउडचं म्हणणं मागे घेतो. कारण वाचलं नव्हतं.

रानजाई (संध्याकाळी ६.१५)
आतून तांबंच आहे. पंचिंगचं (तारा सॉकेटमध्ये दाबून बसवायचं) हत्यार कोपऱ्यावरच्या सीसीटीव्हीवाल्या मुलाकडून आणलं, अभ्यासाच्या खोलीतलं टोक पहिल्यांदा चुकलं, हिरवी आणि निळी उलट लागली होती. दुसऱ्यांदा बरोबर. स्विच लावला, सर्व्हर परत टीव्हीच्या कपाटात. ईथटूल १००० दाखवतंय, कॉपी ११० ला. टीव्हीही चालू आहे.
कॅसेटवाला, तुम्ही कुठल्या गावात असता? आमचा कॅमेरा अजून चालतो. टेपा घेऊन या, किंवा मी कॅमेरा पाठवते.

कॅसेटवाला
साताऱ्यात. व्यनि करतो, ताई.