घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या मोहिमेसाठी अनुदान कोठून मिळवावे?

प्रश्न : ग्रामीण कार्यकर्ती

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका तालुक्यात आमची स्त्रियांची नोंदणीकृत संस्था बारा वर्षे काम करत आहे. पूर्वी एक मोठी संस्था तिला मिळणाऱ्या परदेशी निधीतील थोडा वाटा आम्हाला देत असे, पण २०२० नंतर तो बंद झाला. शिवाय बहुतेक देणगीदारांना मोहीम २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या, स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध जगभर पाळल्या जाणाऱ्या सोळा दिवसांच्या काळातच हवी असते, आणि तोवर आमच्या गावांतील कितीतरी बायका ऊसतोडीला गेलेल्या असतात. अर्ज कोणाकडे करावा आणि प्रस्तावात काय मांडावे?

उत्तर १ : लेखापाल

२०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यानुसार, एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. लहान संस्थांना याचा सर्वाधिक फटका बसला, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची स्वतःची एफसीआरए नोंदणी नसेल, तर आधी कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीकडे वळा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत लिंगसमानता आणि महिला सक्षमीकरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या प्राप्तिकराच्या नोंदण्या, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवा.

उत्तर २ : समुपदेशक

ताई, कागदपत्रांइतकेच महत्त्वाचे आहे ते अंदाजपत्रक. फलक, पथनाट्य आणि प्रभातफेरी यांना पैसे सहज मिळतात. मात्र मोहीम खरोखर पोहोचली, तर त्यानंतर बायका बोलू लागतात, आणि त्या वेळी समुपदेशकाचा पगार, न्यायालयाच्या तारखेला जाण्याचे भाडे, वैद्यकीय तपासणी किंवा एका रात्रीचा आसरा यांसाठी हाताशी पैसा नसेल, तर धीर करून पुढे आलेल्या बाईला आपण त्याच घरी परत पाठवतो. हे मी पाहिले आहे आणि ते विसरता येत नाही. म्हणून हा खर्च प्रस्तावात मोहिमेचाच भाग म्हणून मागा आणि तो कापायला नकार द्या.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ च्या कलम १० खाली तुमची संस्था सेवा पुरवठादार म्हणून नोंदली, तर पीडितेच्या इच्छेने घटनेचा अहवाल नोंदवून तो दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे पाठवता येतो. जिल्ह्याचे सखी वन स्टॉप सेंटर (पीडितेला एकाच ठिकाणी मदत देणारे शासकीय केंद्र) आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांच्याशी तुमचे काम कसे जोडलेले असेल, हेही लिहा.

यशाचा निकष ठरवताना विशेष सावध राहा. 'वर्षभरात तक्रारी कमी होतील' असे कधीही लिहू नका. चांगल्या मोहिमेनंतर पहिल्या वर्षी तक्रारी बहुधा वाढतात, कारण तोवर दडपलेले बाहेर येते.

ग्रामीण कार्यकर्ती

मनापासून आभार. आता मोहीम दोन टप्प्यांत मांडते : पहिला ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबरमध्ये, आणि दुसरा त्या परतल्यावर, उन्हाळ्यात. फलकांचा खर्च कमी करून वर्षभर एक समुपदेशक ठेवण्याची तरतूद करू. एक शंका उरते : देणगीदाराने अहवालासोबत लाभार्थी स्त्रियांची नावे व छायाचित्रे मागितली, तर काय करावे?

समुपदेशक

देऊ नका. प्रत्येक प्रकरणाला क्रमांक द्या, नावांची वही कुलुपात ठेवा आणि देणगीदाराला केवळ वयोगट, मदतीचा प्रकार आणि प्रकरणाची सद्यस्थिती कळवा. छायाचित्र हवेच असेल, तर प्रशिक्षणाच्या वेळी कार्यकर्त्यांचे काढा. ही अट करारावर सही करण्यापूर्वीच लेखी घालून घ्या, कारण पहिला हप्ता खात्यात आल्यावर नाही म्हणणे फार कठीण जाते.