मदत हवी आहे: प्लॉटमधून निळी आणि लाल पूररेषा जाते, बांधकाम परवानगी कशी घ्यावी?

काठावरचा

कृष्णाकाठी 20 गुंठ्यांचा गट आहे. प्रादेशिक योजनेत रहिवास विभाग, तसा झोन दाखलाही मिळाला. योजनेच्या नकाशावर दोन्ही पूररेषा आमच्या गटातून जातात. अंदाजे 8 गुंठे नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये, 7 गुंठे निळ्या-लाल रेषांच्या मध्ये, उरलेले 5 बाहेर. निळ्या रेषेच्या आत एक जुने कौलारू घर आहे, ग्रामपंचायतीचा नमुना 8 आहे. लाल रेषेच्या आत घर बांधता येते का, आतल्या 8 गुंठ्यांचा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम क्षेत्र) बुडतो का आणि जुने घर पाडून तिथेच नवे बांधता येईल का? सातबारा आणि मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) हाताशी आहे.

तलांक

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पूररेषा नकाशावर रेघ दिसत असली तरी मुळात ती पाण्याची उंची आहे. नकाशावरून पट्टीने मोजून "8 गुंठे आत" असे ठरवू नका. त्या नकाशाच्या प्रमाणात रेघेची जाडीच जमिनीवर काही मीटर भरते.

निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा नदीपात्राच्या प्रस्थापित वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातले जे जास्त ते. लाल रेषा साधारणपणे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पाटबंधारे विभागाकडे नदीचे ठरावीक अंतरांवरचे आडवे छेद (काठापासून काठापर्यंतचे उंचीचे आलेख) असतात आणि प्रत्येक छेदावर दोन्ही रेषांचे तलांक (आर.एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची मीटरमधली उंची) लिहिलेले असतात. कार्यकारी अभियंत्यांच्या नावे अर्ज करा, सोबत सातबारा, क प्रत आणि गट दाखवणारा गावनकाशा जोडा. अर्जात "गटाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या छेदांचे तलांक व साखळी क्रमांक मिळावेत" असे स्पष्ट लिहा (साखळी क्रमांक म्हणजे छेदाचे नदीच्या लांबीवरचे अंतर). नुसता "पूररेषेचा दाखला द्या" लिहिले तर "गट बाधित आहे" एवढ्या एका ओळीचे उत्तर येते आणि त्यावर जोत्याची उंची ठरत नाही.

मग हिशोब असा. समजा दोन छेदांत 500 मीटर अंतर आहे, लाल रेषेचा तलांक वरच्या छेदावर 547.30 आणि खालच्यावर 547.10. तुमच्या इमारतीची वरच्या अंगाची कड वरच्या छेदापासून 200 मीटरवर असेल तर तिथवर पातळी 0.08 मीटरने उतरते, म्हणजे तिथे लाल पातळी 547.22. नियमाप्रमाणे त्यावर 0.45 मीटर, म्हणजे 547.67. जमीन 546.10 वर असेल तर जोते 1.57 मीटर उंच लागेल. कड नेहमी प्रवाहाच्या वरच्या अंगाची धरायची, कारण पाणी तिथे जास्त चढते.

फसगत होते ती बेंचमार्कमध्ये, म्हणजे ज्या ठरलेल्या उंचीच्या खुणेपासून मोजतात तिच्यात. बरेच सर्व्हेअर प्लॉटच्या कोपऱ्यावर 100.00 धरून कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढून देतात. ते आकडे पूररेषेशी जुळवताच येत नाहीत. विभागाने पूररेषा काढताना जो बेंचमार्क वापरला, त्याच्यापासूनच लेव्हल आणायला सांगा आणि परतीची लेव्हल घेऊन चूक किती राहिली ते नकाशावर लिहून घ्या. जीपीएसची उंची थेट वापरू नका, ती समुद्रसपाटीपासूनची नसते. सांगलीच्या आयर्विन पुलावर पुराची पातळी सांगतात ते फूट (इशारा 40, धोका 45) हेही तलांक नाहीत, ते त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत.

झोनदाखला

नियमांचे मी सांगतो. तुमच्याकडे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर, डिसेंबर 2020) लागू आहे.

नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे वाहनतळ, बाग, हिरवळ, ओट्यांची उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, जलवाहिन्या असलेच वापर चालतात. नवे घर नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे लाल पातळीच्या 0.45 मीटर वर बांधकाम मिळू शकते, म्हणजे तुमच्या 7 गुंठ्यांत वाट आहे.

एफएसआय बुडत नाही. गट विकासयोग्य विभागात असल्याने बाधित भागाचा एफएसआय त्याच गटाच्या उरलेल्या जागेत वापरता येतो. मात्र सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), उंची आणि रस्त्याची रुंदी आड आली तर कागदावरचा एफएसआय प्रत्यक्षात उतरत नाही. वास्तुविशारदाकडून हे आधी तपासून घ्या.

जुन्या घराचे प्रकरण नाजूक आहे. निषिद्ध क्षेत्रात पुनर्विकास मिळतो तो फक्त अधिकृत बांधकामाला. तोही लाल पातळीच्या 0.45 मीटर वर आणि पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीनंतर. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, परवानगी नव्हे. जुनी बांधकाम परवानगी, बिगरशेती आदेश किंवा घर गावठाणात असल्याचा पुरावा शोधा. तो हाती येईपर्यंत घर पाडू नका. पाडल्यावर "अस्तित्वातील" हा शब्दच लागू पडणार नाही.

आणि हो, पूररेषा आखलेली नसली तरी नदीच्या पाण्याच्या कडेपासून 15 मीटर व नाल्यापासून 9 मीटर जागा सोडावीच लागते.

काठावरचा

मनापासून आभार. 1.57 मीटरसाठी सगळ्या 7 गुंठ्यांवर मुरुमाचा भराव टाकला तर?

तलांक

कृपा करून टाकू नका. पुराच्या वाटेत भराव म्हणजे तेवढी पाण्याची जागा कमी. ते पाणी शेजाऱ्याच्या रानात चढते. खांबांवर घर उचला, खाली वाहनतळ मोकळा ठेवा, भिंती घालून तो बंद करू नका. नदीच्या बाजूला भरीव कुंपण नको, तारेचे करा. भरीव भिंतीला काडीकचरा अडकतो आणि ती एका रात्रीत बांधासारखी पाणी अडवते.

मीटरबोर्ड आणि पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जोत्याच्या पातळीवर घ्या. संडासाच्या टाकीच्या नळीला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पूर आधी तिथूनच घरात येतो.

झोनदाखला

आणखी एक. 2019 च्या पुराची खूण आसपासच्या भिंतींवर अजून असेल. सर्व्हेअर आलाच आहे तर तिचाही तलांक घ्या. ती लाल पातळीपेक्षा वर निघाली तर परवानगीपुरते 0.45 न धरता त्या खुणेच्या वर जोते घ्या. पोचरस्त्याचीही लेव्हल त्याच वेळी काढा. घर कोरडे आणि रस्ता पाण्याखाली असेल तर बाहेर पडायला होडीच लागेल.